भट्टीच्या रांगेत कॅमेरा

पंखा बंद होतो. त्याची घरघर माईकमध्ये येते, म्हणून चित्रण चालू आहे तोवर सगळ्यांनी घाम गाळायचा. जुलै महिना आहे. जियांग्शी प्रांतातलं जिंगदेझेन डोंगरांच्या मधोमध बसलंय, वारा इथवर पोचतच नाही. खोलीत पाच माणसं. चाकावर साठीचा कारागीर. शेजारच्या चाकावर पोलंडहून आलेली विशीतली मुलगी. कॅमेऱ्यामागे दिग्दर्शिका, माईक लावलेली बूमची काठी धरलेला एक मुलगा आणि भिंतीला टेकून मी. इथे शिकायला आलेल्या परदेशी तरुणांवरच्या या माहितीपटाचं युनिट म्हणजे खरं तर दिग्दर्शिका आणि बूमवाला, दोघंच.

मुलीच्या चाकावरचा वाडगा डुलायला लागतो. कारागीर आपलं चाक थांबवतो. उठतो. तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवतो आणि कोपर मांडीला टेकवतो. वाडगा सरळ होतो. तो परत आपल्या जागी जाऊन बसतो.

दिग्दर्शिका कॅमेरा चालूच ठेवते. पुढचा कितीतरी वेळ काहीच घडत नाही. चाक फिरतं. माती वर येते, खाली बसते. बूमवाल्याचे हात थरथरायला लागतात.

कारागीर अखेर बोलतो, तो इथल्या बोलीत. मुलगी विद्यापीठात प्रमाण चिनी शिकली आहे. दिग्दर्शिका उत्तरेकडची. दोघींनाही निम्मंच कळतं. उपशीर्षकांसाठी गावातलंच कुणीतरी शोधावं लागणार.

"बुडाची तासणी स्वतः करू नकोस," असं काहीसं तो म्हणत असतो. "पलीकडच्या गल्लीत तासणारा आहे. त्याच्याकडे दे."

मुलगी मान हलवते. "नको शिफू, मीच करते."

इथे उस्तादाला शिफू म्हणतात. शिफू खांदे उडवतो. पंखा सुरू होतो.

बाहेर अंगणात वाडगे सुकत ठेवले आहेत. सगळे जरा जास्तच मोठे वाटतात. भट्टीत ते पाचव्या-सहाव्या हिश्श्याने आवळणार, म्हणून घडवतानाच मोठे घडवायचे. माती पांढरी, जवळजवळ पिठासारखी. कुटलेला दगड आणि केओलिन नावाची पांढरी चिकणमाती यांचं हे मिश्रण. केओलिन जिथल्या खाणींतून यायची ते गाओलिंग खेडं शहराच्या ईशान्येला आहे. आता तिथल्या जुन्या खाणी बघायला पर्यटक जातात.

आम्ही गल्लीत येतो. समोरून एक माणूस येतोय. खांद्यावर त्याच्यापेक्षा लांब फळी, फळीवर कच्ची भांडी ओळीने मांडलेली. एक हात फळीला. दुसऱ्या हातात मोबाइल, आणि तो त्यावर बोलतोय. एकही भांडं हलत नाही. दिग्दर्शिका त्याच्यापुढे उलटी चालत चित्रण करते. मागून विजेवर चालणारी तीनचाकी हॉर्न वाजवते. बूमवाला दिग्दर्शिकेला दंडाला धरून बाजूला ओढतो. फळीवाला न थांबता निघून जातो.

मुख्य रस्त्यावर दिव्याचे खांबसुद्धा निळ्या-पांढऱ्या चिनीमातीचे आहेत. सन 1004 मध्ये सोंग सम्राटाने आपल्या कालखंडाचं नाव या गावाला दिलं आणि शहर ते अजून मिरवतंय. दिग्दर्शिका खांबांकडे बघतही नाही. तिच्या वहीत सुरुवातीला एक यादी होती : ड्रॅगन, लाल कंदील, चहाचा समारंभ, सिंहनृत्य. यादीवर आता आडवी रेघ आहे. खाली फक्त "हात" असं लिहिलंय.

रंगकामाची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. इथे पंखा कायमचाच बंद. वाऱ्याने रंग झपाट्याने सुकतो आणि कुंचला अडतो. चार बायका लांब टेबलाला बसल्या आहेत. एक फुलाची बाह्यरेषा काढते. दुसरी जाड कुंचल्यातून रंगाचं पाणी सोडत पाकळ्या भरते. पाणी एकदा मातीत शिरलं की पुसता येत नाही. तिसरी फक्त काठाच्या गोल रेघा ओढते. फिरत्या चकतीवर भांडं ठेवायचं, कुंचला टेकवायचा, श्वास धरायचा. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळते.

टेबलाच्या टोकाला ब्राझीलचा एक तरुण बसलाय. त्याने भांडं स्वतः घडवलं, स्वतः तासलं, आता स्वतःच रंगवतोय. बायका त्याच्याकडे बघून हसतात.

"सगळं एकटाच?" काठवाली विचारते.

"सगळं एकटाच," तो अभिमानाने सांगतो.

त्या आणखी हसतात. 1637 साली छापलेल्या 'तियानगोंग कायवू' या उद्योगांवरच्या ग्रंथात नोंद आहे की एक पेला तयार व्हायला तो 72 हातांखालून जातो. या टेबलावर तो हिशेब अजून चालू आहे. परदेशातल्या कलाशाळेतून आलेल्या मुलाला वाटतं, दुसऱ्याने हात लावला तर भांडं माझं कसं? बायकांना वाटतं, एकट्याने केलं तर ते चांगलं कसं होईल? दिग्दर्शिकेला हवा असलेला प्रसंग हाच आहे. तो वाद घालून येत नाही. हसण्यात येतो आणि लगेच निघून जातो. कॅमेरा तेव्हा चालू असावा लागतो.

भांड्यावरची शाई काळपट दिसते. तिचा निळा रंग भट्टीतच उघडतो. युआन घराण्याच्या काळात त्यासाठी लागणारा कोबाल्ट इराणकडून येई. पुढे हीच निळी-पांढरी भांडी पोर्तुगीज गलबतांतून गोव्यामार्गे लिस्बनला जात. अस्सल चिनी म्हणून जग जे ओळखतं, त्याला सुरुवातीपासून परक्यांचे हात लागलेले आहेत.

दुपारी टपरीवर थंड तांदळी शेवया, वर तिखटाचं तेल. दिग्दर्शिका जेवता जेवता मेमरी कार्डं रिकामी करते. दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तेच चित्रण. एक तिच्या पिशवीत, दुसरी बूमवाल्याच्या. निर्माता नाही. लग्नांचे व्हिडिओ करून साठवलेल्या पैशांवर काम चाललंय. चित्रपटगृहात लावायचा तर परवाना लागतो. सिनेमाच्या आधी पडद्यावर येणारं ड्रॅगनचं चिन्ह ही त्याचीच खूण. 2017 मध्ये लागू झालेल्या कायद्याने परवान्याविना चित्रपट परदेशी महोत्सवातही पाठवता येत नाही. ती हे शेवया कालवता कालवता सांगते आणि बिल मागवते.

संध्याकाळी सार्वजनिक भट्टीपुढे रांग. ज्याची स्वतःची भट्टी नाही तो इथे येतो. जितकी जागा अडवाल तितके पैसे. रांगेत कोरियन आहेत, फ्रेंच आहेत, शांघायची मुलं आहेत, शेजारच्या गल्लीतली म्हातारी आहे. प्रत्येकाच्या हातात फळी. फळी खाली ठेवायला जागा नाही, म्हणून कुणी बसत नाही. बाहेरून येऊन इथे राहिलेल्यांना शहरात 'जिंगप्याव' म्हणतात, वाहत आलेले. चिनी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येत राहिलेला आकडा 30 हजारांवर जिंगप्याव असा होता, आणि त्यात 5 हजारांच्या आसपास परदेशी. रांगेत उभं राहिलं की आकडा खरा वाटतो.

भट्टीवाला एकेकाची भांडी हातात घेतो, बुडाची झिलई पुसली आहे का ते बघतो. पुसली नसेल तर भांडं भट्टीतल्या फळीला चिकटेल. तो काही न बोलता भांडं परत देतो. चूक चिनी मुलाची असो की परदेशी मुलीची, तोंडावरचा भाव तोच. पोलंडच्या मुलीचे वाडगे तो वजन केल्यासारखे तोलतो. एकाच्या बुडावर टिचकी मारतो. आवाज जड येतो. तो तिच्याकडे बघतो. ती त्याच्याकडे. वाडगा आत जातो.

गॅस पेटतो. आत तापमान 1300 अंशांच्या आसपास जाणार. बाहेर आधीच असह्य झालंय. लेन्सवर वाफ धरते. 1712 मध्ये इथे वावरलेल्या एका फ्रेंच जेझुइट पाद्रीने माती, झिलई, भट्ट्या यांची बारीकसारीक माहिती पत्राने युरोपात कळवली होती. युरोपला तेव्हा हे गुपित हवं होतं. आजच्या रांगेतल्या पोरांना कृती इंटरनेटवर मिळते. ती आली आहेत ती टिचकीचा आवाज ओळखायला.

शनिवारी रात्री जुन्या कारखान्याच्या आवारात बाजार भरतो. विटांच्या धुराड्याखाली टेबलांच्या रांगा, दिव्यांच्या माळा, गर्दी. ब्राझीलच्या तरुणाच्या टेबलापुढे सर्वांत जास्त लोक. विकत घेणारे थोडे, चित्रण करणारे जास्त. "तू चिनी किती छान बोलतोस!" दर थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं. तो दर वेळी तेच हसतो. एक मुलगी काठीला मोबाइल लावून थेट प्रक्षेपण करते, त्याला नूडल्स आवडतात का विचारते. शेजारच्या टेबलावर गावातलीच एक मुलगी बसली आहे. तिचे पेले अधिक पातळ, अधिक नेटके. तिच्याकडे एकही मोबाइल वळत नाही.

दिग्दर्शिका मागे जाऊन उभी राहते आणि मोबाइलवाल्यांचं चित्रण करते. मग कॅमेरा शेजारच्या टेबलाकडे वळवते. एक गिऱ्हाईक तरुणाला पैसे देऊ लागतं तेव्हा ती कॅमेरा खाली घेते. तो विद्यार्थी व्हिसावर आहे. परवानगीशिवाय कमाई करणं नियमात बसत नाही. चित्रणाच्या संमतिपत्रावर त्याची सही आहे, पण सही घेतली म्हणून पोराला अडचणीत टाकायचं नसतं.

भट्टी निवायला वेळ लागतो. दुसऱ्या सकाळी दार उघडतं तेव्हाही आतून झळ येते. भट्टीवाला जाड हातमोजे घालून फळ्या बाहेर ओढतो. निळा रंग आता खरोखर निळा आहे. लोक आपापली भांडी ओळखून उचलतात. पोलंडच्या मुलीचा टिचकीवाला वाडगा बुडाशी तडकलाय. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आहे. ती रडत नाही. तड बोटाने चाचपते, वाडगा पिशवीत टाकते आणि चालू लागते.

आम्ही मागोमाग. ती शिफूकडे जात नाही. पलीकडच्या गल्लीत वळते. तिथे पांढऱ्या धुळीत बुडालेला एक माणूस लोखंडी पात्याने वाडग्याची कड तासतोय. मातीच्या बारीक पट्ट्या त्याच्या मांडीवर साठतात. ती पिशवीतून वाडगा काढून दाखवते. तो बूड बघतो.

"जाड राहिलं," तो म्हणतो. "पुढचे आणून दे. वाडग्यामागे पैसे घेईन."

"बघत बसले तर चालेल?"

"बस."

ती बसते. बूमवाला पंखा शोधतो आणि बंद करतो.

परदेशी तरुणांना चिनी संस्कृती भेटते तेव्हाचे व्हिडिओ मोबाइलवर ढिगाने मिळतात. त्यांत एक हसरा, चकित चेहरा असतो आणि मागे एक देखावा. अशा भेटीवरचा माहितीपट कधी तुमच्या शहरातल्या फिल्म सोसायटीत लागला तर चेहऱ्यावर थांबू नका. तासणारा, काठ ओढणारी, फळी वाहणारा, भट्टी लावणारा, हे त्यात किती वेळ दिसतात ते बघा. ते दिसत नसतील तर तो माहितीपट त्या पाहुण्याची ओळख करून देतो, जिंगदेझेनची नाही.