जुन्या नकाशावरचा निळा ठिपका आणि कोरड्या भागातील चराई

कुरणात गवत किती आहे ते लगेच दिसते. पाणी त्यापासून किती लांब, हे मात्र उन्हाळ्यात कळते. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात हा हिशोब नकाशावरच मांडता येतो.

तेथे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकरांचा तुकडा मिळे. ज्याच्या तुकड्यात झरा, त्याच्याच हाती भोवतालचे मोकळे रानही जाई. जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात सुचवले, की अशा भागात पशुपालकाला किमान २,५६० एकर द्यावेत आणि हद्दी चौकोनी न आखता प्रत्येकाला पाणी मिळेल अशा आखाव्यात. सूचना तशीच राहिली. पण तेच पॉवेल १८८१ मध्ये तेथील भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख झाले आणि देशभर नकाशांचे काम सुरू झाले. त्यांवर समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळे आणि माणसाने बांधलेले काळे.

हे जुने नकाशे आज इंटरनेटवर मोफत मिळतात. त्यांवर झरे, विहिरी, पवनचक्क्या आणि 'टँक' दिसतात. टँक म्हणजे लोखंडी टाकी समजू नका. तेथील नैर्ऋत्य भागात जनावरांसाठी मातीचा बांध घालून केलेल्या तळ्याला तसे म्हणतात.

आता कंपास घ्या. तेथील कुरणशास्त्राच्या एका रूढ नियमानुसार गायींसाठी पाण्यापासून १ मैलापर्यंत (१.६ किमी) चराईक्षमता पूर्ण, १ ते २ मैलांत निम्मी आणि त्यापुढे शून्य धरतात. १ मैलाच्या वर्तुळात सुमारे ८०० हेक्टर येतात. एक पवनचक्की बंद पडली, की एवढे गवत उभे राहूनही कामाचे नाही. जनावरे उरलेल्या पाण्याभोवतीची जमीन तुडवून उघडी करतात. चढ असेल तर वर्तुळ आणखी लहान धरा, म्हणून समोच्च रेषाही पाहाव्या लागतात.

निळा ठिपका म्हणजे आज पाणी आहे असे नाही. सर्वेक्षणाच्या वेळी ते होते, एवढेच. म्हणून कोपऱ्यातले वर्ष आधी वाचा.

आपल्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० टोपोशीटवर बारमाही प्रवाह निळे आणि कोरडे नाले काळे असतात. गावाचे शीट घेऊन मे महिन्यात प्रत्येक निळ्या खुणेपाशी जाऊन या. कोरडी निघाली तर पेन्सिलने काट मारा आणि तारीख लिहा.