आधी जंग, मग रंग

अंबिया बहाराची संत्री उतरायच्या आत बागेचं फाटक रंगवून घ्यायचं, अशी घाई पांढुर्णा-सौसर भागातल्या माझ्या ओळखीच्या अनेक घरांत दिवाळीच्या सुमारास असते. रंग कोणता घ्यायचा यावर खूप चर्चा होते. जंग किती निघाला, हे मात्र कुणी वाकून बघत नाही. मला लोखंडी फाटकं, जाळ्या, विहिरीवरचे रहाट न्याहाळत हिंडण्याचा जुना नाद आहे. त्या बळावर सांगतो, रंगकामाचे बारा आणे काम रंगाचा डबा उघडण्याआधीच झालेलं असतं.

शास्त्र थोडक्यात असं. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की जंग तयार होतो. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, सच्छिद्र असतो आणि ओल धरून ठेवतो. त्यावर रंग मारला, तर फुगणारा थर आतून रंगाला उचलतो.

आता आपल्या भागाची खास गोष्ट, मोरचूद. संत्र्याच्या खोडाला डिंक्यापासून वाचवायला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. द्राक्षबागांसाठी हे औषध फ्रान्समध्ये 1885 च्या सुमारास मिलार्डे यांनी पुढे आणलं. बोर्डो फवाऱ्याचं द्रावण जमलं की नाही, हे बघायची जुनी पद्धत मला फार आवडते. स्वच्छ लोखंडी पातं त्यात थोडा वेळ बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, अजून घालायचा. तो थर म्हणजे खरं तांबं. मोरचुदातलं तांबं पात्यावर बसतं आणि तेवढंच लोखंड विरघळून जातं. म्हणूनच मोरचूद लोखंडी भांड्यात कालवत नाहीत.

चुना नीट पडलेलं बोर्डो लोखंडाला फारसं छळत नाही. पण नुसत्या मोरचुदाचं पाणी उडालं, बादल्या फाटकाशी धुतल्या, की खालच्या पट्ट्यांवर तांब्याचे सूक्ष्म ठिपके बसतात. ओल मिळाली की त्यांच्या आजूबाजूचं लोखंड झपाट्याने खंगतं. सौसरकडच्या एका बागेत मी असं फाटक पाहिलं: वरचा भाग ठणठणीत आणि खालच्या पट्ट्यांना खोल खड्डे. शेजारीच पोटॅशची पोती रचलेली. त्यातला क्लोराइडही लोखंडाचा वैरीच. तिथले वेल्डिंगवाले काका म्हणाले, "रंग त कोणीबी मारते भाऊ, जंग काढणं पाहा."

त्यांची रीत मला पटली. आधी भरपूर पाण्याने धुणं, कारण क्षार रंगाखाली राहिले तर ओल ओढून फोड आणतात. वाळल्यावर जाड पोपडे छिन्नी-हातोडीने, मग पत्री, मग तारेचा ब्रश. खड्ड्यांत ग्राइंडरचा कप ब्रश. त्याने येणारी चकाकी फसवी असते, प्रायमरला पकड लागते, म्हणून शेवटी एमरी कागद. जुना रंग घट्ट असेल तर तो राहू द्यावा, फक्त त्याची कड घासून उतरती करावी. पुन्हा धुऊन कडक उन्हात वाळवावं.

फॉस्फोरिक आम्लाचे जंगनाशकही मिळतात. उरलेल्या पातळ जंगाचं ते फॉस्फेट बनवतात. जाड पोपड्यांवर त्यांचा भरवसा धरू नये. फॉस्फेटवरून आठवलं, दिल्लीला कुतुबच्या आवारात गेलो की मी तिथल्या लोहस्तंभापुढे बराच वेळ रेंगाळतो. सुमारे 1600 वर्षांचा, सहा टनांहून जड. त्याच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे, त्यातून घट्ट संरक्षक थर तयार झाला, असं कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं. आपल्या फाटकाच्या लोखंडात तो गुण नाही.

जुन्या वाड्यांच्या जाळ्यांवर मात्र हात जपून टाकावा. पूर्वी लोखंडाला लाल शिशाचं, म्हणजे शिशाच्या शेंदराचंच, अस्तर देत. घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा थर कोरडा घासू नये. ओला करून, चांगला मास्क लावून, लेकरांना लांब ठेवून घासावा आणि खरवड गोळा करावी.

जंग काढलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवू नये. कार्तिकात पहाटे दव पडतं आणि सकाळी पुन्हा तांबूस छटा दिसते. दव सुकल्यावर सुरुवात करून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा पहिला हात द्यावा. बिजागऱ्या, वेल्डिंगचे सांधे आणि पट्टीवर पट्टी येते त्या फटी ब्रशने आधी दोनदा भराव्यात. फाटक पोकळ पाइपचं असेल तर वरची तोंडं बंद करावीत आणि खाली बारीक छिद्र ठेवावं, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर पडेल.