पावती मागाहून मिळते

देवाकडे जे मागितलं तेच जसंच्या तसं पदरात पडलं, अशा गोष्टी वारकरी परंपरेत फार नाहीत. ताहराबादच्या महिपतीबुवांनी १७६२ साली ‘भक्तविजया’त संतांच्या कथा ओवीबद्ध केल्या. त्या आणि त्यांच्या आगेमागे लोकांनी जपलेल्या कथा सलग पाहिल्या, की भक्ताच्या हाकेला देव नाना तऱ्हांनी ओ देताना दिसतो आणि ती ओ त्या क्षणी बहुधा ओळखू येत नाही.

सुरुवात जनाबाईपासून करू. तेराव्या शतकातली ही नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या वेचणं हा तिचा दिवस. कथा सांगते, की विठ्ठल येऊन तिच्या जात्याचा खुंटा धरू लागला. दळण काही कमी झालं नाही, दासीपणही सुटलं नाही. जात्याला दुसरा हात मात्र लागला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या बायका पहाटे दळताना जनीला आठवत राहिल्या. कष्ट टळले नाहीत तरी सोबत मिळते, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पंधराव्या शतकातल्या दामाजीपंतांची गोष्ट निराळी. दुष्काळात मंगळवेढ्याच्या या कारभाऱ्याने बादशहाची कोठारं रयतेला मोकळी केली. शिक्षा ठरलेलीच होती. त्यांना बेदरला नेत असताना तिकडे दरबारात विठू महार नावाचा कुणी हजर झाला, धान्याचे पैसे मोजून पावती घेऊन गेला. पंतांना हे कळलं ते सगळं उरकल्यावर. पैठणला तर एकनाथांनी काही मागितलंही नव्हतं. श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षं त्यांच्या घरी पाणी भरत राहिला आणि तो देवच होता हे कळलं, तोवर तो निघून गेला होता. तो पाणी भरायचा तो पैठणचा रांजण नाथषष्ठीला आजही भरतात.

तुकोबांच्या वाट्याला मात्र सरळ नकार आला. १६३०च्या सुमारास दुष्काळ पडला. घरात अन्नान्न करत पहिली बायको गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं निघालं. देव कुणाच्याही वेशात देहूला आला नाही. पुढे तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली आणि झालं ते बरं झालं, असं अभंगात म्हटलं. पण हे ‘बरं’ त्यांचं त्यांनी म्हणायचं. दुसऱ्याच्या घरात मूल गेलं असताना ते आपण सांगायला जाऊ नये. नकारातही उत्तर असतं हे खरं. ते वाचण्याचा हक्क ज्याने सोसलं त्याचा.

याहून अवघड गोष्ट चोखोबांची. ज्या मंगळवेढ्याच्या कथेत देव महाराच्या वेशात दरबारी गेला, तिथेच त्याच्याही आधी चोखोबा राहत होते. विठ्ठलाला डोळे भरून पाहावं एवढंच त्यांचं मागणं, आणि जात आडवी आली. १३३८मध्ये गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणल्या. समाधी झाली ती महाद्वारासमोर, देवळाबाहेरच.

त्या मागण्याचं पुढे काय झालं? १९४७ साली साने गुरुजींनी मंदिरप्रवेशासाठी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. १० मे रोजी ते सुटलं आणि ज्यांना शतकानुशतकं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं त्यांच्यासाठी वाट मोकळी झाली. चोखोबांना जाऊन तेव्हा सहाशे नऊ वर्षं झाली होती. एवढ्या विलंबाला देवाची योजना म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण दार देवाने लावलं नव्हतं. ते माणसांनी लावलं होतं, म्हणून उघडायलाही माणसंच लागली.

आपल्या रोजच्या जगण्यातही हाच हिशेब आहे. दुखणं तसंच राहतं, पण रात्री उशाशी बसणारं कुणी भेटतं. नोकरी हुकते, आणि ते बरंच झालं असं पुढे कधीतरी आपलं आपल्याला वाटतं. अडल्या वेळी फी भरून गेलेल्या माणसाचं नावही नंतर कळतं. मागे वळून पाहताना या पावत्या हाती लागतात, आणि त्या जपाव्यातही. मात्र ‘माझ्या मागण्याचं काय झालं’ हे देवाला विचारताना, कुणाचं मागणं माझ्याच दाराशी अडलं आहे का, हे स्वतःलाही विचारायला हवं.