करड्यातला लिलाव

१८७४. शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने हुकूमनामा मिळवून देशमुखांचे घर लिलावात घेतले आणि पाडायला काढले. गावाने त्याच्यावर बहिष्कार टाकला. त्याला बिऱ्हाड शिरूरला हलवावे लागले. सावकारांवरचा हा राग पसरला आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजारात दंगा उसळला, कर्जरोखे जळाले. १८७९च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालये कर्जाचा हिशेब मुळापासून तपासू लागली. हे दंग्याआधीच व्हायला हवे होते.

आज शेतकऱ्याचे राहते घर, ते तारण नसल्यास, दिवाणी हुकूमनाम्यात जप्त होत नाही. सावकारीत जमीन गेली असेल, तर पंधरा वर्षांच्या आत सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा.