रंगाखालची मस्टँग

पांढरा रंग, लाल सीट, मागे गुंडाळलेला टप आणि पुढच्या जाळीत धावणारा घोडा. १९६५ च्या फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबलचा असा फोटो आणि त्याखाली ‘संपूर्ण रिस्टोअर केलेली, विकणे आहे’ ही ओळ दिसली, की अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनाला राहवत नाही. नवल नाही, गाडी दिसतेच तशी देखणी. पण साठ वर्षांच्या उघड्या गाडीची खरी किंमत फोटोतल्या रंगावर ठरत नाही. ती ठरते रंगाखालच्या पत्र्यावर आणि बॉनेटखाली ठोकलेल्या एका क्रमांकावर.

मस्टँग लोकांसमोर आली १७ एप्रिल १९६४ रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात. फोर्ड विभागाचे प्रमुख ली आयकोका यांना तरुणांच्या खिशाला परवडेल, तरीही रुबाबदार दिसेल अशी गाडी हवी होती. म्हणून बाहेरचा साज अगदी नवा केला आणि आतला बराचसा भाग ‘फाल्कन’ या साध्यासुध्या घरगुती गाडीकडून उचलला. बंद टपाच्या मॉडेलची किंमत २,३६८ डॉलरपासून, कन्व्हर्टिबलची २,६१४ पासून. पहिल्याच दिवशी बावीस हजार मागण्या नोंदल्या गेल्याचं सांगतात. दोन वर्षं व्हायच्या आत दहा लाखावी मस्टँग कारखान्यातून बाहेर पडली. ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटात स्वित्झर्लंडच्या घाटात पांढरी कन्व्हर्टिबल धावली ती १९६४ मध्येच. आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये फोर्डने एका कन्व्हर्टिबलचे तुकडे करून ते लिफ्टमधून एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ८६ व्या मजल्यावर नेले, वर सज्जात जोडून अख्खी गाडी उभी केली!

१९६५ या एका मॉडेलवर्षात लाखाहून अधिक कन्व्हर्टिबल बनल्या. त्यामुळे कुणी ‘दुर्मीळ’ म्हणून भाव चढवू लागला, तर ऐकून घेऊ नये. मस्टँगला भाव आहे तो लोकांच्या जिव्हाळ्यामुळे, शिवाय तिचे सुटे भाग मिळतात म्हणून. दाराच्या रबरापासून डॅशबोर्डच्या बटनापर्यंत जवळजवळ सगळं आज नवं बनवलेलं विकत मिळतं. पार सडलेली गाडीही त्यामुळे पुन्हा उभी करता येते. पण ती नीट उभी केली आहे की नुसती सजवली आहे, हे बाहेरून कळत नाही.

गाडीचा टप कापला की तिची ताकद जाते. मस्टँगला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. फरशी, बाजू आणि टप मिळून एकच पेटी बनते आणि तीच सगळा भार पेलते. झाकण काढलं की ही पेटी मधोमध वाकू पाहते. म्हणून फोर्डने कन्व्हर्टिबलच्या दाराखालच्या पट्ट्या जाड पत्र्याच्या केल्या आणि फरशीला जादा आधार दिले. त्यामुळे ती बंद टपाच्या गाडीपेक्षा सत्तरएक किलोंनी जड झाली. नेमका हा जादा पत्राच रस्त्याच्या पाण्याला सगळ्यात जवळ असतो. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. कोकणात खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज जसे रंगाच्या आतून पोखरतात, तसा या पट्ट्यांचा आतून भुगा होतो. म्हणून ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागात वाढलेल्या गाडीसाठी लोक दोन पैसे जास्त मोजतात.

पोकळ झालेली कन्व्हर्टिबल ओळखायची तर दारांकडे बघावं. गाडी मधून खचली असेल, तर दाराच्या मागची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसते. जॅकवर घेतल्यावर दार अडकू लागलं, तर शंका पक्की. चांगला कारागीर जुनी फरशी कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटींत पोलादी आडव्या सळया वेल्ड करतो, म्हणजे गाडीचा आकार हलत नाही. ज्याने ही मेहनत टाळली, त्याच्या हातची गाडी कितीही चकचकीत असली तरी तिरकी राहते. मग दारं लागावीत म्हणून बिजागऱ्या ओढून-ताणून बसवतात आणि कडांना पुट्टी थापतात. हातरुमालात गुंडाळलेलं लहानसं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं, की पुट्टी जाड आहे तिथे ते धरत नाही.

मस्टँगचं दुसरं दुखणं पुढच्या काचेखाली आहे. तिथल्या जाळीतून ताजी हवा आत येते, पावसाचं पाणीही येतं. खाली पत्र्याची बंद पेटी आहे. तिच्यात वाळकी पानं साचतात, ओल धरते आणि सांध्यांशी पत्रा सडतो. मग पाऊस पडला की पाणी थेट पुढे बसणाऱ्याच्या पायांवर. तपासणी सोपी आहे: जाळीवर तांब्याभर पाणी ओतायचं आणि टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घालायचं. दुरुस्ती मात्र जिकिरीची. कित्येक स्पॉट वेल्ड एकेक करून फोडावे लागतात, तेव्हा पेटीचा वरचा भाग सुटतो. फोटोत काही दिसत नाही म्हणून हे काम टाळण्याचा मोह फार.

आता तो क्रमांक. डाव्या पुढच्या मडगार्डखालच्या पत्र्यावर तो ठोकलेला असतो आणि गाडीचं मूळ सांगतो. सुरुवातीचा ५ म्हणजे १९६५ चं मॉडेल, त्यापुढे कारखान्याचं अक्षर, मग बांधणीचे दोन आकडे: ०७ बंद टप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक. पाठोपाठ इंजिनाचं अक्षर. ‘के’ असेल तर २७१ हॉर्सपॉवरचं जोरदार व्ही-८ इंजिन, म्हणून ‘के’ची किंमत वेगळीच. बंद गाडीचा टप कापून तिला कन्व्हर्टिबल म्हणून विकण्याचे उद्योग झाले आहेत. तिथे ०७ सगळं बिंग फोडतो. दारावर आणखी एक माहितीची पट्टी असते, पण तशी पट्टी नवी बनवून मिळते. म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नये. १९६७ पासूनच्या गाड्यांचा तपशील फोर्डच्या जुन्या नोंदींवरून मागवता येतो. १९६५ च्या गाडीला ती सोय नाही.

या मालिकेतला पहिला क्रमांक, ५एफ०८एफ१००००१, एका पांढऱ्या कन्व्हर्टिबलचाच. ती विकायची नव्हती, दाखवायला म्हणून कॅनडात न्यूफाउंडलंडच्या विक्रेत्याकडे पाठवली होती. त्याने ती स्टॅन्ली टकर या वैमानिकाला विकून टाकली! फोर्डने परत मागितली, पण टकर यांनी दिली नाही. पुढे १९६६ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडल्यावर कंपनीने त्यांना कोरी मस्टँग देऊन ही परत घेतली. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

रिस्टोअर केलेली म्हणजे नक्की काय, हेही विक्रेत्याला विचारायला हवं. काही गाड्या ‘मस्टँग क्लब ऑफ अमेरिका’च्या स्पर्धांसाठी केलेल्या असतात. त्यांत कारखान्यातल्या तपासनीसाने ओढलेली रंगखुणेची रेघसुद्धा जागच्या जागी लागते. काही रोज फिरवायला केलेल्या. दोन्ही प्रामाणिक कामं आहेत, फक्त किंमत आणि वापर वेगळा. काम कोणतंही असो, गाडी उघडी पडली असतानाचे फोटो आणि वेल्डिंगची बिलं विक्रेत्याने दाखवली पाहिजेत. २०११ मध्ये तर फोर्डच्या परवान्याने १९६५ च्या कन्व्हर्टिबलची अख्खी बॉडी नव्या पत्र्यात बनू लागली, किंमत पंधरा हजार डॉलरच्या आसपास. अशा बॉडीवर उभी केलेली गाडी घेण्यात काही गैर नाही, फक्त विकणाऱ्याने ते आधी सांगावं.

चालवायला म्हणून घेणाऱ्याने ब्रेकचा प्रश्न आधी सोडवावा. १९६५ च्या मस्टँगमध्ये चारही चाकांच्या ब्रेकना एकाच टाकीतून तेल जातं. एक नळी फुटली की सगळेच ब्रेक जातात. १९६७ पासून फोर्डने दुहेरी व्यवस्था दिली. ती जुन्या गाडीत बसवता येते, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही लावता येतात. स्पर्धेत त्याचे गुण कापले जातील, पण ज्या गाडीत घरची माणसं बसणार आहेत तिच्यात हा बदल केलेला असेल तर तो आनंदाने मान्य करावा, आणि नसेल तर त्याचा खर्च सौदा ठरतानाच किमतीतून वजा करून घ्यावा.