अन्नछत्रातली शाळा

इसापनीतीचे मराठी पुस्तक तंजावुरात निघाले ते 1806 साली. त्याचे नाव ‘बालबोधमुक्तावली’. भाषांतर सख्खन पंडितांचे, आणि छापखाना सरफोजी राजे भोसले (दुसरे) यांच्या राजवाड्यातला. मुंबईत पंचतंत्राच्या कथांचे ‘पंचोपाख्यान’ छापले जायला त्यानंतर सोळा वर्षे लागली. मुलांना व्यवहार शिकवण्यासाठी छापलेली मराठी पुस्तके शोधू गेले, तर कावेरीच्या काठी इतके मागे जावे लागते.

सुरुवात गोष्टींपासून झाली, यात नवल नाही. खुशामतीला भुलू नये, हाताबाहेरच्या वस्तूला आंबट म्हणून समाधान मानू नये, बळ नसेल तिथे अक्कल चालवावी, हे उपदेश म्हणून सांगितले तर मूल जांभई देते. तेच कोल्ह्या-कावळ्याच्या तोंडून आले की लक्षात राहते. पंचतंत्राची चौकटही हीच आहे. शास्त्रांना कंटाळलेल्या तीन राजपुत्रांना विष्णुशर्मा सहा महिन्यांत शहाणे करतो, तेही गोष्टी सांगून. त्या राजपुत्रांचे नगर, महिलारोप्य, ग्रंथात दक्षिणेतच सांगितले आहे.

सरफोजींना या शिक्षणाची किंमत कळण्याचे कारण त्यांच्या बालपणात सापडते. त्यांचा जन्म 1777 चा. तुळजाजी राजांनी 1787 मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि थोड्याच काळात तुळजाजी वारले. कारभार तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांच्या हाती गेला, आणि हा मुलगा राजवाड्यातच कोंडल्यासारखा राहिला. त्याच्या शिक्षणाची आबाळ होते आहे, अशी तक्रार श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्याने लावून धरली. शेवटी 1793 मध्ये मुलाला मद्रासला हलवले गेले आणि तिथे त्याचा अभ्यास मार्गी लागला. 1798 मध्ये गादी मिळाली. पुढच्याच वर्षी तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरले ते किल्ला, वाडा, तनखा आणि छत्रे.

छत्र म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेली धर्मशाळा आणि अन्नछत्र. रामेश्वरच्या वाटेवर भोसल्यांनी अशी छत्रे ठिकठिकाणी बांधली होती. ती आपल्याच हाती राहावीत, अशी विनंती राजाला कंपनीकडे करावी लागली. त्यासाठी 1801 मध्ये सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिले. छत्रात काय काय चालते याचा हिशेबच त्या पत्रात आहे. ब्राह्मणापासून पारियापर्यंत सर्व वाटसरूंना अन्न मिळे. आजाऱ्याला औषध होते, सर्पदंशावर उपचार करणारे वैद्य होते, वेद शिकवणारे होते आणि एक शाळामास्तरही होता.

त्या मास्तराकडे कोणती मुले असत, हे पाहण्यासारखे आहे. वाटेत आईबाप दगावलेली परमुलखातली पोरकी मुले त्याच्या ताब्यात दिली जात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, कपडे, लागेल तेव्हा औषध, आणि दर चौथ्या दिवशी अंगाला तेल. त्यांनी जी विद्या पसंत करावी ती शिकवायची. विद्या पुरती झाली की लग्नाचा खर्चही छत्राने करायचा. इथे शिक्षण धड्यापाशी थांबत नाही. त्यात जेवण आहे, अंघोळ आहे, आजारपण आहे, आवड आहे, संसार आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या सरकारी पत्रव्यवहारात मुलाच्या अंगाला लावायच्या तेलाची नोंद असावी, हेच विशेष.

यानंतर लवकरच ओरतनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. तिथेही जेवणाखाण्यासह फुकट शिक्षण होते. तंजावूर शहरात ‘नवविद्या’ नावाने शाळा निघाल्या. तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत, फारसी, इंग्रजी अशा भाषा शिकवल्या गेल्या. दरबारात पोट भरायचे तर मोडी हवीच होती. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे वळवत जायचे. जमाखर्च, रोजकीर्द, पावत्या सगळे त्याच लिपीत चाले. तंजावूरच्या मोडी कागदांचे रुमाल आजही अभ्यासकांना पुरून उरतात.

सरफोजींची सर्वांत मजेदार युक्ती मात्र नाटकात आहे. कुरवंजी हा तमिळ मुलखातला लोकप्रिय नाट्यप्रकार. विरहाने कासावीस झालेल्या नायिकेचा हात पाहायला डोंगरात राहणारी कुरवंजी येते. आपण कोणते डोंगर आणि कोणत्या नद्या पाहिल्या, हे ती ऐटीत सांगते आणि मग भविष्य वर्तवते. या फिरस्त्या बाईच्या तोंडी सरफोजींनी जगाचा भूगोलच घातला. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्यांचे मराठी नाटक. नकाशा पाठ करण्याऐवजी प्रेक्षकाने तो गाण्यातून ऐकायचा. भूगोल शिकवण्याची इतकी रंगतदार रीत नंतरच्या शाळांना सुचली नाही, असे म्हणायला हरकत नाही.

या सगळ्याला मर्यादा होत्या. खर्च राजाच्या मर्जीवर आणि त्याच्या हाती राहिलेल्या उत्पन्नावर चाले. 1832 मध्ये सरफोजी गेले, 1855 मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी निपुत्रिक वारले आणि राज्यच बुडाले.

पुढे व्यवहार शिकवण्याचा हाच विषय निराळ्या नावांनी परत आला. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींच्या ‘नई तालीम’मध्ये टकळी आणि चरखा आले, नंतर महाराष्ट्रातल्या शाळांत कार्यानुभवाचा तास आला. तो तास बहुतेक ठिकाणी गणिताच्या सरांनी खाल्ला, ही गोष्ट निराळी. 1990 च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने निर्णय घेणे, संवाद साधणे, ताण सोसणे अशी दहा जीवनकौशल्ये मांडली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात मुलांसाठी केव्हातरी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकावे, अशी कल्पना आहे. तंजावुरात त्यासाठी लांब जायला नको. वीणा घडवणारे, मान डोलावणाऱ्या बाहुल्या करणारे आणि सोन्याचा वर्ख लावून चित्रे काढणारे कारागीर शहरातच आहेत.

सरफोजींच्या संग्रहामुळे नावारूपाला आलेले सरस्वती महाल ग्रंथालय राजवाड्याच्या आवारात आहे. ओरतनाडू तिथून दक्षिणेला, पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर, पंचवीसेक किलोमीटरवर लागते. मुक्तांबाळ छत्राची इमारत अजून उभी आहे. बृहदीश्वर मंदिर पाहून परतणाऱ्या मराठी प्रवाशाने तेवढी वाट वाकडी करावी.