देवाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा?

मनोरीला एका विद्यार्थिनीच्या घरी जाण्याचा योग आला. मार्वेहून होडीने खाडी ओलांडली की गाव लागते. तिची आई ख्रिस्ती कोळीण. पहाटे मासळीची पाटी घेऊन ती त्याच होडीने मालाडच्या बाजाराला निघते. बोलण्याच्या ओघात मी विचारले, "देवळातला उपदेश कसा वाटतो?" (चर्चला तेथे देऊळच म्हणतात.) बाई म्हणाल्या, "फादर चांगले सांगतात, सर. पण पाटी डोक्यावर असते तेव्हा मला देव कसा वाटतो, हे कोणी विचारले नाही." माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, मला उत्तर सुचले नाही.

नेमका हाच प्रश्न विचारून एक ईश्वरशास्त्र उभे राहिले आहे. त्याला 'मुहेरिस्ता' म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'मुहेर' म्हणजे स्त्री. त्याच्या प्रवर्तक आदा मारिया इसासी-दियास (1943-2012) मूळच्या क्यूबाच्या. 1960 मध्ये त्या देश सोडून अमेरिकेत आल्या, काही वर्षे जोगीण होत्या, पेरूमध्ये लीमाच्या गरिबांत राहिल्या. देव गरिबांच्या बाजूचा आहे, असे गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी 1971 च्या ग्रंथात मांडले होतेच. परंतु त्या विचारातला गरीब बहुधा पुरुष होता. गोऱ्या स्त्रीमुक्तिवाद्यांच्या मांडणीतली स्त्री बहुधा गोरीच होती. कारखान्यात राबणारी, दुसऱ्याच्या घरची फरशी पुसणारी स्पॅनिशभाषक बाई दोन्हीकडे सापडेना.

इसासी-दियास यांनी काय केले? अशा स्त्रियांना एकत्र बसवून त्यांच्याच तोंडून ऐकले. योलांदा तारांगो यांच्यासह 1988 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या स्त्रियांचे बोल येतात. त्यांचे म्हणणे असे की, हे बोल पंडितांनी पुढे शास्त्र रचावे म्हणून गोळा केलेला कच्चा माल नव्हे. ते स्वतःच ईश्वरशास्त्र आहे. 'लो कोतिदियानो', म्हणजे रोजचे जगणे, हे त्यांचे प्रमाण. भाडे, आजारी मूल, मालकाची शिवी ह्यांतून जी समज येते ती ज्ञानच होय. 'ला लुचा', म्हणजे झुंज, हा दुसरा शब्द. आणि 'किंग्डम' ह्या इंग्रजी शब्दातला 'ग' गाळून त्यांनी 'किन्-डम' हा शब्द वापरला. देवाचे ते राज्य नव्हे, गोतावळा. कारण राजा म्हटला की प्रजा आलीच.

येथे एक शंका राहतेच. बोलणाऱ्या बाया अनामिक राहिल्या आणि नाव मात्र विद्यापीठातल्या प्राध्यापिकेचे झाले. ही शंका मला परकी नाही. मीही बोलणाऱ्यांच्या घरातून निघून लिहिणाऱ्यांच्या पंगतीला बसलो आहे.

काही वाचक म्हणतील, आम्ही बौद्ध. आमच्या धम्मात ईश्वराला स्थान नाही, हे शास्त्र आम्हांला कशाला? ईश्वर बाजूला ठेवू. धम्माचा अर्थ कोण सांगतो, हा प्रश्न तरी आपल्याला टाळता येईल का? सभेत वक्ते पुरुष आणि खाली सतरंजीवर बाया, हे चित्र आपण रोज पाहतो. वास्तविक त्या बायांनी अर्थ केव्हाच लावला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभर जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या स्त्रियांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरील ओव्या आहेत. बाबासाहेब तेथे घरचे माणूस होऊन येतात. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमचं' नवऱ्यापासून लपवून लिहिले. ते 1986 मध्ये ग्रंथरूपाने आले. मीनाक्षी मून व उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केले. लीमा-न्यूयॉर्ककडे पाहण्याआधी हे ग्रंथ आपल्या अभ्यासमंडळांत वाचले गेले पाहिजेत.

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात दोनशेवर संदर्भ आहेत. त्यांत आई नाही. जाते माझ्या लहानपणीच सुटले होते, पण ओव्या तिच्या तोंडी होत्या. प्रबंध टंकलिखित होत असताना ती शेजारच्या खोलीत भाकऱ्या थापत गुणगुणत असे आणि मी दार लोटून घेत असे. ती गेली. मला तिच्या दोन ओव्याही धड आठवत नाहीत.

मनोरीच्या त्या विद्यार्थिनीला प्रकल्पासाठी विषय हवा होता. मी म्हटले, आधी आईला विचार, वही घेऊन बस. बाई हसल्या. म्हणाल्या, "बसेल की. पण उद्या नको, उद्या मासळी जास्त आहे."